लॉगऑफवर विसंबलो तर कागद मागे राहतात: अभ्यासिकेतल्या संगणकांच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

ठिकाण तालुक्याच्या गावातले सार्वजनिक वाचनालय. वरच्या मजल्यावर अभ्यासिका, तिथे मुलांसाठी तीन डेस्कटॉप. तिन्हींवर विंडोज ११ प्रो, एक ॲडमिन खाते ग्रंथपाल मॅडमचे आणि एक साधे खाते 'वाचक' नावाचे. मुले या वाचक खात्यातूनच बसतात.

आज दोन नंबरच्या मशीनचे डाउनलोड्स फोल्डर उघडले. आधार कार्डांचे स्कॅन, दहावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे दाखले, बँक पासबुकाची पहिली पाने. ब्राउझरमध्ये कुणाचा तरी जीमेल तसाच उघडा. यंदापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाल्यामुळे गर्दी वाढली आहे, आणि ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांना आमच्याकडेच यावे लागते. त्या मुलांचे कागद पुढच्या माणसाला दिसणे मला मान्य नाही. 'उठताना फाइल पुसा' अशी पाटी भिंतीवर आहे. पण फॉर्मच्या घाईत असलेले पोर ती वाचत नाही, आणि त्याने ती वाचावी अशी अपेक्षाही नको.

म्हणून हे काम आपोआप झाले पाहिजे. माणूस लॉगऑफ झाला की डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, रीसायकल बिन आणि ब्राउझरचा सगळा साठा रिकामा. वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यायचे नाही. विंडोजमधलाच टास्क शेड्युलर (ठरलेल्या घटनेला ठरलेले काम सुरू करणारी सोय) आणि पॉवरशेल (आज्ञांची स्क्रिप्ट चालवणारे साधन) वापरायचे.

विंडोजमध्ये शेअर्ड पीसी मोडही आहे, तो खातीच पुसून टाकतो. तो एका मशीनवर लावून पाहिला. दर वेळी कोरे प्रोफाइल मिळते, म्हणजे मराठी कीबोर्ड पुन्हा लावायचा, वर्डची पहिली विचारपूस पुन्हा उरकायची. मुलांची पहिली पाच मिनिटे त्यातच जात होती, म्हणून तो काढून टाकला.

४ जून

टास्क शेड्युलरच्या ट्रिगरच्या, म्हणजे काम कोणत्या घटनेवर सुरू व्हावे त्याच्या, यादीत लॉगऑन आहे, लॉक आहे, अनलॉक आहे, सत्राला जोडणे आणि तोडणे आहे. लॉगऑफ नाही. त्यामुळे 'ऑन ॲन इव्हेंट' निवडून इव्हेंट लॉगमधल्या (विंडोजची घटनांची नोंदवही) नोंदीवरच काम लावावे लागते.

सिक्युरिटी लॉगमधली ४६३४ ही नोंद नावाला लॉगऑफची आहे, पण तिच्यावर काम लावू नका. ती नेटवर्कवरच्या आणि विंडोजच्या अंतर्गत सत्रांसाठीही उमटते, त्यामुळे माणूस खुर्चीवर बसलेला असताना मागून फाइली जाऊ लागतात. चाचणीत अगदी तेच झाले, मी स्वतः बसलो असताना. ४६४७ ही नोंद बरी, कारण माणसाने स्वतः लॉगऑफ केले की ती येते. मी शेवटी सिस्टम लॉगमधली विनलॉगऑनची (विंडोजचा लॉगऑन-लॉगऑफ सांभाळणारा भाग) ७००२ घेतली. तिच्या मजकुरात ग्राहक अनुभव सुधारणेबद्दल काहीतरी असंबद्ध वाक्य असते, तिकडे लक्ष देऊ नका. तिच्यात वापरकर्त्याचा एसआयडी (विंडोजने खात्याला दिलेला ओळख क्रमांक) असतो, हे महत्त्वाचे. ट्रिगरची अट जिथे लिहितात त्या एक्सएमएल फिल्टरमध्ये वाचक खात्याचा एसआयडी लिहिला. आता मॅडम लॉगऑफ झाल्या तर काहीच होत नाही. ही अट लिहिल्याशिवाय टास्क चालू करू नका, नाहीतर मॅडमची वर्गणीची यादीही जाईल.

टास्क सिस्टम खात्यावर (विंडोजचे स्वतःचे, सगळे अधिकार असलेले खाते) चालवायचा. वाचकाच्या खात्यावर ठेवला तर लॉगऑफ होताना त्या खात्याचे सगळे काम बंद पडते, त्यात आपली स्क्रिप्टही मरते.

आणखी दोन गोष्टी. टास्कची हिस्टरी मुळात बंद असते, ती उजव्या बाजूच्या पट्टीतून आधी चालू करा, नाहीतर काय बिघडले ते कळायला मार्ग नाही. आणि स्क्रिप्ट सी ड्राइव्हवर थेट नवीन फोल्डर करून ठेवू नका. तिथल्या नव्या फोल्डरमध्ये साध्या खात्यालाही फाइल बदलण्याचा हक्क मिळतो. सिस्टम खात्याच्या अधिकाराने चालणारी स्क्रिप्ट कुठलाही वाचक बदलू शकत असेल तर संरक्षणाच्या नावाखाली आपण दारच उघडे ठेवले. प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवली.

७ जून

टास्क चालतो, फाइली मात्र जागच्या जागी. स्क्रिप्टच्या नोंदवहीत 'मार्ग सापडत नाही', आणि मार्गाच्या जागी विचित्र अक्षरे.

वाचक हे खाते देवनागरीत तयार केले होते, म्हणून युजर्समधले फोल्डरही 'वाचक' असे देवनागरी. विंडोजबरोबर येणारे पॉवरशेल ५.१ हे बीओएम (अक्षरे कोणत्या पद्धतीने लिहिली ते सांगणारी फाइलच्या सुरुवातीची खूण) नसलेली स्क्रिप्ट यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्या मावणारी पद्धत) धरत नाही, जुन्या एएनएसआय पद्धतीने वाचते, आणि नोटपॅड आता नेहमीच्या जतन करण्यात बीओएम लावत नाही. 'सेव्ह ॲज'मध्ये जाऊन 'यूटीएफ-८ विथ बीओएम' निवडले, मार्ग सापडला. मराठी फोल्डर किंवा मराठी संदेश स्क्रिप्टमध्ये असेल त्या प्रत्येकाला हे करावेच लागेल.

तरी पुढचा विचार करून नवीन खातेच काढले. खात्याचे मूळ नाव इंग्रजी अक्षरांत, पडद्यावर दिसणारे पूर्ण नाव 'वाचक' असे मराठीत. नुसते खात्याचे नाव बदलून भागत नाही, प्रोफाइलच्या फोल्डरचे नाव जुनेच राहते. नवीन खात्याचा एसआयडी वेगळा, म्हणून फिल्टरही बदलला. तिन्ही मशीनवर एसआयडी वेगवेगळे आहेत, एका मशीनचा टास्क जसाच्या तसा दुसऱ्यावर नेला तर तो कधीच सुरू होत नाही.

१० जून

संध्याकाळी पावसाने लाइट गेली. यूपीएसवर मशीन चालू राहिली. मुलांना सांगितलेलेच आहे की लाइट गेली की काम जतन करून लॉगऑफ व्हा. एक आणि दोन नंबरवरची मुले शहाण्यासारखी लॉगऑफ झाली, तरी तिन्हींपैकी एकाही मशीनवर साफसफाई झाली नाही.

हिस्टरीत नोंद ३२६: संगणक बॅटरीवर आहे म्हणून टास्क सुरू केला नाही. आमचे यूपीएस यूएसबी केबलने मशीनला जोडलेले आहेत, आणि तसे जोडले की विंडोज डेस्कटॉपलाही बॅटरीवर चालणारे यंत्र समजते. टास्कच्या कंडिशन्स टॅबमध्ये 'फक्त एसी पॉवरवर असतानाच सुरू करा' आणि 'बॅटरीवर गेल्यास थांबवा' या दोन्ही खुणा आधीपासून लावलेल्याच येतात. दोन्ही काढल्या. ज्या वेळी सगळी मुले एकदम लॉगऑफ होतात नेमक्या त्याच वेळी काम नाकारले जात होते.

तीन नंबरच्या यूपीएसची बॅटरी दोन मिनिटेही टिकली नाही. १२ व्होल्टची बॅटरी बदलली, साधारण हजार रुपये. या प्रकल्पावरचा हा एकमेव रोख खर्च.

१२ जून

बॅटरी बदलायच्या आधीच्या त्या दिवशीचा तीन नंबरचा लॉग आज नीट पाहिला. मशीन धाडकन बंद पडले होते. सुरू झाल्यावर कर्नेल-पॉवरची ४१ आणि अनपेक्षित बंद पडण्याची ६००८ या नोंदी आहेत. ७००२ नाही. कशी असेल? लॉगऑफ झालाच नाही. त्या मशीनवर एका मुलीचा उत्पन्नाचा दाखला रात्रभर डेस्कटॉपवर होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या आलेल्या मुलाने तो पाहिला असणार.

आणखी एक भोक सापडले. स्टार्ट मेनूतून थेट 'शट डाउन' केले तर ७००२ उमटते, पण तोवर टास्क शेड्युलरची सेवाच बंद व्हायला लागलेली असते. कधी टास्क सुरू होतो, कधी नाही, कधी अर्ध्यात तुटतो. आमची निम्मी मुले असेच मशीन बंद करून जातात.

म्हणून कामाची दिशाच बदलतो आहे. माणूस जातो तेव्हाची घटना घडेलच याची खात्री नाही. पुढचा माणूस येतो तेव्हा मात्र लॉगऑन व्हावेच लागते. मुख्य साफसफाई लॉगऑनवर, आणि लॉगऑफची साफसफाई जोडीला, म्हणजे रात्रभर कागद पडून राहण्याची शक्यता कमी. ज्यांना दोन्ही लावायला वेळ नाही त्यांनी लॉगऑनची लावावी.

१६ जून

आधी 'ॲट स्टार्टअप' करून पाहिले, कारण त्यात पुढचा वाचक बसायच्या आधी वेळ मिळतो. लाइट जाऊन आली की चालायचे, रीस्टार्टला चालायचे. रात्री शट डाउन करून सकाळी बटण दाबले की काहीच नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नेल (विंडोजचा गाभा) हायबरनेट होते, म्हणजे डिस्कवर जतन होऊन झोपते, आणि सकाळी जे होते ते त्याच्या लेखी नवे बूट नसते. सिस्टम लॉगमध्ये कर्नेल-बूटची २७ नोंद पाहा. त्यात बूटचा प्रकार १ असेल तर हीच भानगड. शिवाय दिवसभरात एका मशीनवर पाच-सहा मुले बसतात, स्टार्टअप मात्र सकाळी एकदाच. लॉगऑनवर आलो.

लॉगऑनवर नवी अडचण. लॉगऑन झाल्यावर डेस्कटॉप दिसतो आणि आधीच्या माणसाच्या फाइली काही सेकंद दिसत राहतात, मग एकेक नाहीशी होते. शेड्युलर आपले काम मुळात खालच्या प्राधान्याने चालवतो, आकडा ७. खिडकीत तो बदलायची जागा नाही. टास्क एक्सएमएल म्हणून एक्स्पोर्ट करायचा, प्रायॉरिटीच्या ओळीत ७ चे ४ करायचे, पुन्हा इम्पोर्ट करायचा. फरक डोळ्यांना दिसतो. शिवाय स्क्रिप्टमध्ये क्रम बदलला: आधी डेस्कटॉप, मग डाउनलोड्स, ब्राउझरचा मोठा साठा सगळ्यात शेवटी.

१९ जून

एक मुलगा खाली आला. "दादा, पेनड्राइव्हवरून फोटो डेस्कटॉपवर टाकला आणि माझ्या डोळ्यांदेखत गेला." लॉगऑन झाल्या झाल्या त्याने पेनड्राइव्ह लावला होता, स्क्रिप्ट अजून चालू होती.

स्क्रिप्टमध्ये अट होती की लॉगऑनच्या वेळेच्या आधीच्या फाइली तेवढ्या पुसायच्या. पण ती अट 'बदलल्याची वेळ' पाहत होती. पेनड्राइव्हवरून कॉपी केलेल्या फाइलची बदलल्याची वेळ जुनीच राहते, त्याचा फोटो गेल्या वर्षीचा. 'निर्माण झाल्याची वेळ' मात्र कॉपी केल्याच्या क्षणाची असते. अट निर्माण झाल्याच्या वेळेवर नेली. पेनड्राइव्हवर मूळ फोटो होता म्हणून त्याचे नुकसान झाले नाही. पुसणाऱ्या कुठल्याही स्क्रिप्टमध्ये ही तपासणी आधी करा, आणि करताना नवीन लिहिलेल्या फाइलवर नको, जुन्या तारखेची फाइल पेनड्राइव्हवरून आणून करा.

एज ब्राउझरचा साठा पुसला जात नव्हता, फाइली वापरात असल्याचे सांगत होता. स्टार्टअप बूस्टमुळे एज लॉगऑनबरोबर मागे जागा होऊन बसतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांचा साठा) पॉलिसी लावून स्टार्टअप बूस्ट बंद केला. क्रोमला पॉलिसीनेच गेस्ट मोड (बंद केला की सगळे विसरणारा पाहुण्यांचा वापर) सक्तीचा केला. आता पासवर्ड लक्षात ठेवू का असे तो विचारतच नाही.

२४ जून

न लॉगऑफ होता उठून जाणाऱ्यांचे आज घेतले. वाचक खात्याला पासवर्ड दिला, तो काउंटरवर मिळतो, रोज बदलतो. पासवर्डच नसेल तर लॉक झालेले मशीन कुणीही उघडू शकतो. लोकल सिक्युरिटी पॉलिसीतून निष्क्रियतेची मर्यादा ६०० सेकंद केली, तेवढा वेळ माउस-कीबोर्ड हलला नाही तर मशीन आपोआप लॉक. ३०० ठेवून पाहिले होते, पण पीडीएफ शांतपणे वाचणाऱ्यांचा पडदा सारखा बंद व्हायला लागला.

मग योजना अशी: वाचकाचे सत्र लॉक झाले की एक टास्क पंधरा मिनिटे थांबतो आणि सत्र बंद करतो. अनलॉक झाले की दुसरा टास्क त्या पहिल्याला संपवतो. ट्रिगरमध्येच पंधरा मिनिटांचा उशीर लावता येतो, पण तो नको. मधे अनलॉक झाले तरी उशिराने टास्क सुरू होतोच. थांबणे स्क्रिप्टच्या आत हवे.

बॅच फाइलमध्ये टाइमआउट ही आज्ञा वापरली होती. हाताने चालवली की बरोबर थांबायची. टास्कमधून सिस्टम खात्यावर चालवली की समोर कीबोर्ड नसल्यामुळे टाइमआउट क्षणाचीही वाट न पाहता बाहेर पडते आणि पुढची ओळ चालते. पुढची ओळ लॉगऑफची. एक मुलगी पाणी प्यायला म्हणून लॉक करून उठली, परत येईपर्यंत अर्जाची तीन पाने भरलेली गेली. तिच्याशेजारी बसून अर्ज पुन्हा भरून दिला, मग पॉवरशेलचे स्टार्ट-स्लीप लावले. ते टास्कमधूनही नीट थांबते.

२८ जून

लॉगऑफ आज्ञेला सत्राचा क्रमांक द्यावा लागतो. सकाळी पाहिला तर १, म्हणून १ लिहिला. पहिल्या मुलासाठी चालले, पुढे दिवसभर नाही. लॉगऑफ होऊन नवा माणूस आला की क्रमांक २, मग ३, असा वाढत जातो. त्याऐवजी 'कन्सोल' हे, मशीनसमोर प्रत्यक्ष बसलेल्याच्या सत्राचे, नाव दिले, दिवसभर सुरळीत.

दुपारी मॅडमनी लॉक झालेल्या दोन नंबरवर 'स्विच यूजर' करून स्वतःचे खाते उघडले आणि पुस्तकांची नोंद करत बसल्या. वाचकाची पंधरा मिनिटे भरली. कन्सोलवर त्या होत्या, म्हणून बाहेर त्याच पडल्या. वाचकाचे सत्र मागे तसेच जिवंत.

आता स्क्रिप्ट क्यूयूजर या, कोण कोण आत आहे ते सांगणाऱ्या, आज्ञेच्या उत्तरातून वाचक खात्याची ओळ शोधते आणि तिच्यातला क्रमांक घेते. इथे एक खाच आहे. सत्र मागे पडलेले असेल तर सत्राच्या नावाचा रकाना रिकामा येतो आणि पुढचे सगळे एक घर डावीकडे सरकते, म्हणून 'तिसरा शब्द' असे मोजून चालत नाही. ओळीच्या सुरुवातीला खात्याचे नाव, मग असलेच तर सत्राचे नाव, मग पहिला पूर्ण आकडा, असा नमुना शोधायचा. खात्याचे मूळ नाव इंग्रजी अक्षरांत घेतल्याचा इथे उपयोग झाला. जुन्या देवनागरी खात्याची ओळ स्क्रिप्टपर्यंत नुसती प्रश्नचिन्हे होऊन येत होती.

३ जुलै

पुन्हा पाऊस, पुन्हा लाइट. तीन नंबरचा यूपीएस मुद्दाम बंद करून मशीन धाडकन पाडले. डेस्कटॉपवर आधीच एक खोटी गुणपत्रिका, रीसायकल बिनमध्ये एक फाइल, ब्राउझरमध्ये एक उघडे खाते ठेवले होते. मशीन सुरू करून वाचक म्हणून आत गेलो. तिन्ही गेलेले. बाकी दोन मशीनवर शट डाउन, रीस्टार्ट आणि लॉक करून सोडून जाणे असे करून पाहिले, तेही व्यवस्थित.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो. पुसलेली फाइल डिस्कवरून खणून काढणारी साधने असतात, आणि त्यांच्यापुढे ही स्क्रिप्ट पुरी पडणार नाही. शेजारच्या खुर्चीवर पुढे बसणाऱ्याला दिसू नये, एवढ्यासाठी ती आहे. वाचक खात्याला ॲडमिनचे हक्क नाहीत, ती दुसरी आडकाठी.

८ जुलै

काउंटरवरचा लॅपटॉप राहिला होता. स्कॅनर त्याला जोडलेला, मुले कागद तिथे स्कॅन करून घेतात आणि स्कॅन मॅडमच्या खात्यातल्या एका फोल्डरमध्ये पडतात. तिथे गेल्या वर्षीपासूनचे सगळे साचले होते. मॅडमच्या परवानगीने आणि त्यांच्यासमोर फोल्डर रिकामे केले.

इथे लॉगऑन-लॉगऑफचा उपयोग नाही, मॅडम सकाळी एकदा आत येतात आणि संध्याकाळी बाहेर. पण जेवायला, खाली मासिके लावायला उठल्या की विंडोज आणि एल दाबून लॉक करतात, ही सवय पक्की आहे. म्हणून त्यांच्या लॉकवर टास्क लावला: स्कॅनच्या फोल्डरमधले तासाभरापेक्षा जुने सगळे पुसायचे. तास ठेवला कारण छपाई किंवा मेल राहिलेल्या मुलाला परत यायला सवड हवी. लॅपटॉप असल्यामुळे बॅटरीच्या दोन्ही खुणा पहिल्यांदा काढल्या. छपाईच्या रांगेत अडकलेले काम वेगळे साचते, ते स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) थांबवून, प्रिंटर्स फोल्डर रिकामे करून, स्पूलर पुन्हा सुरू करावे लागते. तेही याच टास्कच्या शेवटी जोडले, मात्र रांगेतले कामही तासाभरापेक्षा जुने असेल तरच.